व्हायोलिनचे भारतीयीकरण आणि मुंबईतील दोन वादनपरंपरा : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

व्हायोलिन हे युरोपात घडलेले वाद्य गेल्या दोन शतकांत भारतीय अभिजात संगीतात पूर्णपणे सामावले गेले. हे सामावणे वाद्याच्या रचनेत बदल करून झाले नाही. वादकाची बैठक, तारांची जुळवणी आणि वाद्याकडून अपेक्षित असलेले कार्य बदलल्यामुळे ते घडले, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. कर्नाटक संगीतातील प्रारंभ, हिंदुस्थानी संगीतातील उशिरा झालेला प्रवेश आणि मुंबईत एकाच काळात नांदलेल्या गोमंतकीय व रागसंगीतीय अशा दोन वादनपरंपरा यांचा येथे क्रमाने विचार केला आहे. यांपैकी एका परंपरेची नोंद इतिहासाने घेतली आणि दुसरीची फारशी घेतली नाही. त्यामागील कारणांची मीमांसाही शेवटी केली आहे.

बीजशब्द : व्हायोलिन, गायकी अंग, साथसंगत, गोमंतकीय वादक, स्वरलिपी, मौखिक परंपरा.

प्रस्तावना

परकीय वाद्ये भारतात अनेक आली. क्लॅरिनेट, हार्मोनियम, ऑर्गन, गिटार, मँडोलिन, सॅक्सोफोन ही त्यांतील काही ठळक नावे होत. यांपैकी बहुतेक वाद्यांना येथे रुजताना आपले रूप काही प्रमाणात बदलावे लागले. पायाने भाता हलवून वाजवावयाचे हार्मोनियम कलकत्त्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हातभात्याचे झाले आणि बैठकीत जमिनीवर ठेवता येऊ लागले. गिटारला तरफेच्या तारा जोडून विश्वमोहन भट्ट यांनी ‘मोहनवीणा’ सिद्ध केली. व्हायोलिनची गोष्ट याहून निराळी आहे. चेन्नई अथवा पुणे येथील मैफलीत वाजणारे व्हायोलिन आणि व्हिएन्नाच्या सभागृहात वाजणारे व्हायोलिन यांच्या बांधणीत फारसा फरक नसतो. चार तारा, घोडी, पडदेविरहित पट्टी आणि घोड्याच्या केसांचा गज ही सर्व अंगे तीच आहेत. हार्मोनियमच्या बाबतीत वाद्याचे शरीर बदलले, तर व्हायोलिनच्या बाबतीत वादकाचे शरीर बदलले, असे म्हणता येईल.

या भेदाला ऐतिहासिक अर्थ आहे. वाद्य बदलले असेल तर तो बदल संग्रहालयात दाखवता येतो. वादकाच्या हातात व बसण्यात झालेला बदल मात्र शिष्यपरंपरेतूनच टिकतो आणि परंपरा खंडित झाली की पुसला जातो. म्हणून व्हायोलिनचा इतिहास लिहिताना केवळ वाद्याचा नव्हे, तर ते वाजवणाऱ्या हातांचा इतिहास शोधावा लागतो.

युरोपीय पार्श्वभूमी

सोळाव्या शतकात उत्तर इटलीत व्हायोलिनला त्याचे परिचित रूप प्राप्त झाले. क्रेमोना येथील आंद्रेआ आमाती आणि त्यांच्या घराण्याने या वाद्याची प्रमाणे स्थिर केली. त्याच नगरात आंतोनिओ स्त्रादिवारी (मृत्यू १७३७) आणि ‘देल जेझू’ या नावाने प्रसिद्ध असलेले ज्युझेप्पे ग्वार्नेरी (१६९८–१७४४) यांनी ही कला परमोत्कर्षास नेली. गजाला आजचे रूप मात्र बरेच नंतर मिळाले. पॅरिस येथील फ्रांस्वा तूर्त (१७४७–१८३५) यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस गजाची लांबी, वजन व वक्रता निश्चित केली. हनुवटीखालील आधाराची पट्टी तर जर्मन वादक लुई श्पोर यांनी १८२० च्या सुमारास प्रचारात आणली.

हा कालानुक्रम भारताच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. व्हायोलिन दक्षिण भारतातील संगीतकारांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या शेवटी व एकोणिसाव्याच्या प्रारंभी, म्हणजे युरोपातही वाद्य धरण्याची एकच एक रीत पक्की झालेली नव्हती त्या काळात. वाद्य खांद्यावर, गळ्यापाशी किंवा छातीवर टेकवून वाजवणारे वादक तेथे होतेच. भारतीय वादकांनी पक्का नियम मोडला असे म्हणण्यापेक्षा, अद्याप खुल्या असलेल्या प्रश्नाचे त्यांनी आपल्या सोयीचे उत्तर काढले असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

गजवाद्यांशी भारताचा परिचय अर्थातच जुना आहे. सारंगी, रावणहत्था, दिलरुबा, इसराज ही वाद्ये त्याची साक्ष देतात. रावणहत्था हेच व्हायोलिनचे मूळ होय, असे विधान अनेक पुस्तकांत आढळते. तथापि या दोन वाद्यांमधील थेट वंशसंबंध सिद्ध झालेला नाही. भारतीय व्हायोलिनवादनाची थोरवी सिद्ध करण्यासाठी अशा विधानाची आवश्यकताही नाही.

कर्नाटक संगीतातील स्वीकार

कर्नाटक संगीतात व्हायोलिन आणण्याचे श्रेय परंपरेने बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५९) यांना दिले जाते. संगीतत्रिमूर्तींपैकी एक असलेल्या मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे ते धाकटे बंधू. दीक्षितर कुटुंब मद्रासजवळील मणली येथे मुदलियार घराण्याच्या आश्रयास होते. या घराण्याचा ईस्ट इंडिया कंपनीशी संबंध असल्याने युरोपीय वाद्यवृंद ऐकण्याची संधी दीक्षितर बंधूंना मिळाली. बालुस्वामींनी युरोपीय वादकाकडून व्हायोलिनचे शिक्षण घेतले. मुत्तुस्वामींनी पाश्चात्त्य धुनांवर संस्कृत रचना बांधल्या, त्या ‘नोट्टुस्वर साहित्य’ या नावाने ओळखल्या जातात. एकाच घरात एका भावाने परकीय धुना घेतल्या आणि दुसऱ्याने परकीय वाद्य घेतले. धुनांचा प्रयोग त्या रचनांपुरताच राहिला. वाद्य मात्र संपूर्ण पद्धतीचा भाग झाले.

मराठी वाचकाला या संदर्भात तंजावरचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सरफोजीराजे भोसले दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या दरबारात भारतीय संगीताबरोबर पाश्चात्त्य वाद्यवृंदालाही स्थान होते. तंजावरच्या चार बंधूंपैकी वडिवेलू (१८१०–१८४५) हे मुत्तुस्वामी दीक्षितरांचे शिष्य. ते पुढे त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांच्या आश्रयास गेले आणि महाराजांनी १८३४ मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन बहाल केल्याची नोंद आढळते. कंपनीची मद्रास, मराठ्यांचे तंजावर आणि मल्याळी त्रावणकोर या तीन केंद्रांच्या त्रिकोणात व्हायोलिनने आपले पहिले भारतीय अर्धशतक काढले.

येथे तीन बदल घडले. पहिला बैठकीचा. वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे खुंट्यांकडील टोक उजव्या पावलावर टेकवतो आणि दुसरे टोक डाव्या खांद्याशी अथवा छातीशी धरतो. वाद्य दोन्ही टोकांना स्थिर झाल्यामुळे डावा हात त्याचा भार वाहण्यातून पूर्णतः मुक्त होतो आणि पट्टीवर वरखाली मोकळेपणाने सरकू शकतो. मींड व गमक ज्या संगीताचे प्राण आहेत, त्याला हीच मोकळीक हवी होती.

दुसरा बदल तारांच्या जुळवणीचा. पाश्चात्त्य पद्धतीत लागोपाठच्या प्रत्येक दोन तारांत पंचमाचे अंतर असते. त्यामुळे पहिल्या व चौथ्या तारेत २१ अर्धस्वरांचे अंतर पडते. भारतीय पद्धतीत षड्ज–पंचम–षड्ज–पंचम अशी जुळवणी केल्यास हे अंतर १९ अर्धस्वर होते. विस्तार थोडा घटतो, परंतु त्याच्या मोबदल्यात दोन लाभ होतात. आधारस्वर खुल्या तारांवर सतत उपलब्ध राहतो आणि तारांच्या दोन जोड्यांवर एकच बोटांची रचना दोन सप्तकांत जशीच्या तशी वापरता येते. स्वरसंवादापेक्षा एका षड्जाशी निष्ठा राखणाऱ्या संगीतासाठी ही जुळवणी स्वाभाविकच म्हणावी लागेल.

तिसरा बदल कार्याचा. व्हायोलिन हे गायकाचे साथीचे वाद्य झाले. गायक जे गाईल त्याची सावली धरणे, त्याने विराम घेतला की तोच विचार पुढे नेणे आणि स्वरकल्पनेत त्याला उत्तर देणे ही जबाबदारी व्हायोलिनवर आली. म्हैसूरचे टी. चौडय्या (१८९५–१९६७) यांनी ध्वनी भरदार व्हावा म्हणून सात तारांचे व्हायोलिन वाजवले. वाद्याचे शरीर बदलण्याचा हा प्रयोग अपवादात्मकच राहिला. द्वारम वेंकटस्वामी नायडू (१८९३–१९६४) यांनी स्वतंत्र वादनाला प्रतिष्ठा दिली. पुढे लालगुडी जयरामन, टी. एन. कृष्णन आणि एम. एस. गोपालकृष्णन यांनी साथ व स्वतंत्र वादन या दोन्ही क्षेत्रांत ही परंपरा समृद्ध केली.

हिंदुस्थानी संगीतातील उशीर

दक्षिणेत एकोणिसाव्या शतकात स्थिरावलेले व्हायोलिन उत्तरेत विसाव्या शतकापर्यंत गौणच राहिले. याचे प्रमुख कारण म्हणजे उत्तरेत साथीची जागा रिकामी नव्हती. ती सारंगीकडे होती. सारंगी हे मानवी कंठाच्या अत्यंत निकटचे वाद्य, आणि तिचे वादक पिढीजात व्यावसायिक. विसाव्या शतकात संगीताचा आश्रय दरबार व कोठी यांच्याकडून सभागृहे, विद्यालये व नभोवाणी यांच्याकडे सरकला, तेव्हा सारंगीला कोठीशी जोडलेल्या कलंकाची किंमत मोजावी लागली. व्हायोलिनला असा पूर्वेतिहास नव्हता. कोणत्याही जातीचा वा घराण्याचा शिक्का नसलेले हे वाद्य मध्यमवर्गीय घरात संकोचाशिवाय येऊ शकत होते. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालयापासून संगीतशिक्षणाचे जे सार्वत्रिकीकरण सुरू झाले, त्याच्या पार्श्वभूमीवर ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे.

दुसरे कारण नभोवाणीचे. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत पूर्णपणे कायम होती. हार्मोनियमचे स्थिर स्वर भारतीय श्रुतींना न्याय देत नाहीत, हा आक्षेप तिच्या मुळाशी होता. रेडिओच्या दिल्ली केंद्रातील पाश्चात्त्य संगीतविभागाचे प्रमुख, इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स (१८८०–१९३९) यांनी हा आक्षेप हिरिरीने मांडला होता. बंदीची योग्यायोग्यता हा स्वतंत्र विषय आहे. तथापि सुमारे तीन दशके एका लोकप्रिय साथवाद्याला प्रक्षेपणातून वगळल्यामुळे अखंड स्वर देणाऱ्या गजवाद्यांना अधिक वाव मिळाला, असे अनुमान करता येते. परकीय हार्मोनियम अभारतीय ठरले आणि तितकेच परकीय व्हायोलिन मात्र या आक्षेपातून सुटले. वाद्याचे भारतीयत्व त्याच्या जन्मस्थानावर नव्हे, तर त्यातून निघू शकणाऱ्या स्वरावर ठरत होते, हे यावरून स्पष्ट होते.

हिंदुस्थानी व्हायोलिनच्या घडणीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पं. गजाननराव जोशी (१९११–१९८७) हे मुळात गायक. वडील पं. अनंत मनोहर जोशी यांच्याकडून ग्वाल्हेर गायकीची तालीम त्यांना मिळाली होती. पुढे जयपूर व आग्रा घराण्यांची विद्याही त्यांनी संपादन केली. त्यांच्या व्हायोलिनमागे कोणत्याही व्हायोलिनघराण्याचा वारसा नव्हता. गळ्यावर चढलेली विद्या त्यांनी गजावर उतरवली. पं. दामोदर केशव दातार (१९३२–२०१८) यांनी विघ्नेश्वर शास्त्री यांच्याकडे शिक्षण घेतले. त्यांच्या वादनावर पं. द. वि. पलुस्कर यांच्या गायकीचा संस्कार स्पष्ट दिसतो. तमिळ कुटुंबात जन्मलेल्या व कर्नाटक पद्धतीत वाढलेल्या डॉ. एन. राजम (जन्म १९३८) यांनी पं. ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडून मिळालेली विद्या आत्मसात करून गायकी अंग परिपूर्ण अवस्थेस नेले.

पं. विष्णु गोविंद जोग (१९२२–२००४) यांचा मार्ग काहीसा वेगळा होता. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्या मार्गदर्शनामुळे त्यांच्या वादनात तंतकारीचे लयप्रधान अंग ठळक झाले. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईबरोबरच्या त्यांच्या जुगलबंदी विशेष गाजल्या. अशा रीतीने एका पिढीच्या काळातच हिंदुस्थानी व्हायोलिनमध्ये गायकी आणि तंतकारी असे दोन प्रवाह निर्माण झाले.

मुंबईतील दुसरी परंपरा

येथवरचा वृत्तांत संगीताच्या पाठ्यपुस्तकांतून थोड्याफार फरकाने आढळतो. परंतु तो अपुरा आहे. ज्या मुंबईत रागसंगीताचे व्हायोलिन बहरत होते, त्याच मुंबईत संख्येने अधिक असलेले दुसरे व्हायोलिनवादक दररोज काम करीत होते. हे वादक प्रामुख्याने गोमंतकीय ख्रिस्ती होते.

पोर्तुगीज अमलात गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांमध्ये मुलांना स्वरवाचन, समूहगान व व्हायोलिनवादन शिकवले जाई. गावातील ‘मेस्त’ म्हणजे संगीतशिक्षक ही या व्यवस्थेतील मध्यवर्ती व्यक्ती. येथे व्हायोलिन हनुवटीखालीच धरले जाई, तारा पाश्चात्त्य रीतीनेच जुळत आणि विद्या कानावर नव्हे, तर कागदावरील स्वरलिपीवर उभी असे. पुढे १९५२ मध्ये आंतोनियो द फिगेरेदो यांनी पणजी येथे संगीत अकादमी स्थापन करून या शिक्षणाला संस्थात्मक रूप दिले. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून उपजीविकेच्या शोधात गोमंतकीय वादक मुंबई, कलकत्ता व इतर शहरांतील बँडपथके, उपाहारगृहे, मूकपटांची चित्रपटगृहे आणि पुढे बोलपटांचे स्टुडिओ यांत दाखल झाले होते.

मुंबईत पाश्चात्त्य अभिजात संगीताचेही स्वतंत्र वर्तुळ होते. पारशी व्हायोलिनवादक मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. जगप्रसिद्ध वादक येहुदी मेनुहिन १९५२ मध्ये भारतात आले, तेव्हा मुंबईतही त्यांचे वादन झाले. तथापि अशा वाद्यवृंदांवर वादकांचा चरितार्थ चालणे शक्य नव्हते. तो चालवला चित्रपटसंगीताने. संगीतदिग्दर्शक हार्मोनियमवर चाल बांधी, संयोजक ती स्वरलिपीत उतरवून वाद्यवृंदासाठी विस्तारित करी आणि ध्वनिमुद्रणाच्या दिवशी व्हायोलिनचा ताफा समोरचा कागद वाचून ती वाजवी. शंकर–जयकिशन यांच्यासाठी संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा हे या व्यवस्थेतील मोठे नाव. गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायक, गीतकार व संगीतकार यांची नावे छापली जात. गज धरणाऱ्यांची नावे सहसा छापली जात नसत.

मजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ते तरुण वयात मुंबईस आले आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. प्यारेलाल शर्मा यांनी त्यांच्याकडे व्हायोलिनचे शिक्षण घेतले. गोन्साल्विस यांना हिंदुस्थानी रागांचे आकर्षण होते. १९५८ मध्ये त्यांनी वाद्यवृंद उभारून रागाधारित सिंफनी रचना मुंबईत सादर केल्या. लता मंगेशकर व मन्ना डे यांनी त्यात गायन केले. पुढे ते अमेरिकेस गेले आणि चित्रपटसृष्टीपासून दूर झाले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गाण्यामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. हे संगीत लक्ष्मीकांत–प्यारेलाल यांचे, आणि ते नाव म्हणजे शिष्याने गुरूला केलेले वंदन होय. परंतु ज्यांच्या ओठांवर ते नाव होते, त्यांतील किती जणांना त्यामागे एक व्हायोलिनवादक आहे याची जाणीव होती? नाव लोकप्रिय झाले आणि नावाचा धनी अज्ञात राहिला.

दोन परंपरांचे संबंध

या दोन परंपरा एकमेकींपासून सर्वस्वी तुटलेल्या होत्या असे नाही. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी उमेदवारीच्या काळात कलकत्त्यात लोबो या गोमंतकीय बँडमास्टरकडून पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकून घेतले होते. त्यांच्याच मार्गदर्शनाचा लाभ पुढे पं. जोग यांना झाला. म्हणजे हिंदुस्थानी व्हायोलिनच्या एका प्रमुख धारेच्या वंशवृक्षात गोमंतकीय हात आहे. दुसऱ्या बाजूने, गोव्याचेच असलेले श्रीधर पार्सेकर हे पं. गजाननराव जोशी यांच्या परंपरेतील रागवादक म्हणून नावारूपास आले. गोमंतकीय म्हणजे पाश्चात्त्य आणि महाराष्ट्रीय म्हणजे भारतीय, अशी सोपी वाटणी येथे टिकत नाही.

तरीही इतिहासलेखनात ही वाटणी झाली. याची तीन कारणे संभवतात. पहिले म्हणजे, आपला संगीतेतिहास घराणे, गुरू व मैफलीचा कलावंत या चौकटीत लिहिला गेला. समूहात वाजवणारा वादक त्या चौकटीत बसत नाही. दुसरे म्हणजे, स्वरलिपी वाचून वाजवणे याकडे सर्जनापेक्षा कारागिरी म्हणून पाहिले गेले. मौखिक परंपरेचा रास्त अभिमान बाळगताना वाचनकौशल्याचे मोल आपण कमी लेखले. तिसरे म्हणजे, या वादकांची भाषा, धर्म आणि वस्ती मराठी सांस्कृतिक व्यवहाराच्या केंद्रापासून दूर होती. १९८० नंतर सिंथेसायझरचा वापर वाढत गेला, तसतशी या ताफ्यांची गरज कमी झाली. वादक वृद्ध झाले आणि त्यांच्या स्वरलिप्या जपण्याची व्यवस्थाही झाली नाही. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईतील वादकांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध केला. हे काम परदेशी अभ्यासकाने करावे, ही बाब येथील विद्यापीठीय संशोधनाने विचारात घ्यावी अशी आहे.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) व्हायोलिनचे भारतीयीकरण वाद्याच्या रचनेत नव्हे, तर बैठक, जुळवणी व कार्य या तीन गोष्टींत घडले. गायनाची सावली होऊन राहिल्यामुळेच ते या संगीतात स्वतंत्रपणे बोलण्यास समर्थ झाले.

२) उत्तरेतील त्याचा उशिरा झालेला प्रवेश केवळ सांगीतिक कारणांनी स्पष्ट होत नाही. सारंगीवादकांची सामाजिक अवनती, मध्यमवर्गीय संगीतशिक्षण आणि नभोवाणीचे धोरण यांचाही त्यात वाटा आहे. व्हायोलिनचा उत्कर्ष सांगताना सारंगीने मोजलेली किंमत विसरता येणार नाही.

३) मुंबईत व्हायोलिनच्या दोन परंपरा समांतर नांदल्या. एकीने वाद्याला भारतीय केले. दुसरीने वाद्य मूळ रीतीनेच धरून कोट्यवधी भारतीयांच्या कानांवर व्हायोलिनचा स्वर पोहोचवला. दुसरीला वगळून लिहिलेला व्हायोलिनचा इतिहास अर्धाच राहतो.

मुंबई व गोव्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, संगीत व समाजशास्त्र विभागांना या विषयात करण्यासारखे पुष्कळ आहे. हयात वादकांच्या मुलाखती घेणे, त्यांच्या घरी उरलेल्या स्वरलिप्यांच्या प्रती करून ठेवणे आणि चर्चशाळांच्या दप्तरांतील नोंदी पाहणे ही कामे पदव्युत्तर विद्यार्थीही करू शकतील. कागदपत्रे काही काळ वाट पाहू शकतात, परंतु जुन्या वादकांच्या स्मृतींना तितका अवधी नाही. म्हणून या कामाचा आरंभ मुलाखतींपासून व्हावा, हे इष्ट.